कमी पगारावर पहिलं गृहकर्ज: महाराष्ट्रातल्या तरुणांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात २० ते ४० हजार रुपये येणारे, विशी-तिशीतले, घरात पहिल्यांदाच कर्ज काढणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. यातल्या बहुतेकांची फाइल पगारामुळे अडत नाही. ती अडते जवळ रोख नसल्यामुळे, चालू असलेल्या बारक्या हप्त्यांमुळे आणि घराच्या कागदांमुळे. हे तिन्ही आधी सहा महिने हाताशी असले तर सुधारता येतं, म्हणून घरं बघायला निघण्यापूर्वी हे वाचा. हप्त्यांची सगळी गणितं ८.५ टक्के दराने मांडली आहेत. तुमचा दर वेगळा असेल तर आकडे बदलतील.

१. माझा पगार हातात २८ हजार येतो. किती कर्ज मिळेल?

बँक आधी हप्ता ठरवते, मग कर्ज. या पगाराला साधारण ४० ते ५० टक्के रक्कम सगळ्या हप्त्यांसाठी धरतात. ४५ टक्के धरले तर १२,६०० रुपये. २० वर्षांच्या मुदतीला एक लाखामागे हप्ता ८६८ रुपये पडतो, म्हणजे कर्ज सुमारे साडेचौदा लाख.

आता समजा, मोबाईलचा २,५०० रुपयांचा हप्ता चालू आहे. तो १२,६०० मधून वजा होतो, उरतात १०,१०० आणि कर्ज येतं ११ लाख ६४ हजारांवर. एका फोनने पावणेतीन लाखांहून जास्त कर्ज खाल्लं. म्हणून अर्जाआधी छोटे हप्ते फेडून टाका आणि त्या कर्जाचं खातं बंद झाल्याचं पत्र घ्या.

२. ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह पगारात धरतात का?

पूर्ण नाही. दर महिन्याला कमी-जास्त होणाऱ्या रकमेची सहा महिन्यांची किंवा वर्षाची सरासरी काढून तिचा काही भाग धरतात. पगाराच्या स्लिपवर नसलेली, हातात रोख मिळालेली रक्कम धरतच नाहीत.

३. बँक ९० टक्के देते म्हणतात. मग २० लाखांच्या घराला दोन लाख जवळ असले की झालं?

नाही. सर्वात जास्त घरं याच हिशेबात हातची जातात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या *जास्तीत जास्त* ९० टक्के देता येतात. द्यायलाच हवेत असं नाही. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला ८० किंवा ८५ टक्केही मंजूर होतात. शिवाय घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरता येत नाही. तो खर्च पूर्ण तुमच्या खिशातून.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतला २० लाखांचा रीसेल फ्लॅट घ्या. तुमचा हिस्सा २ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, २० हजार (ही फी ३० हजारांच्या वर जात नाही). प्रोसेसिंग, लीगल (कागदांची तपासणी), टेक्निकल (घराची तपासणी) आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण असल्याची सरकारी नोंद) मिळून १५ ते २५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क महापालिका हद्दीत कमाल २५ हजार. एजंट असेल तर एक टक्का, आणखी २० हजार. एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, पण त्या किमतीत तिथे घर मिळणं अवघड.

दोन खड्डे अजून आहेत. मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. कर्ज मात्र करार आणि बँकेचं मूल्यांकन यांतल्या लहान आकड्यावर मिळतं. मूल्यांकन २० ऐवजी १८ लाख आलं, तर ९० टक्के म्हणजे १६ लाख २० हजार, आणि तुमचा हिस्सा २ लाखांवरून ३ लाख ८० हजारांवर गेला. टोकन देतानाच ‘कर्ज नामंजूर किंवा कमी मंजूर झाल्यास टोकन परत’ हे वाक्य लेखी घ्या. तोंडी शब्दाचा उपयोग होत नाही.

४. माझा हिस्सा पर्सनल लोनमधून भरला तर?

भरू नका. बँक पैसे सोडण्याआधी तुमचा क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, पुन्हा काढू शकते. त्यात नवं कर्ज दिसलं की प्रश्न १ मधलं गणित पुन्हा मांडलं जातं आणि मंजूर रक्कम कमी होते किंवा फाइल थांबते. बँक तुमच्या हिश्श्याच्या पावत्या मागते, बाजारात त्याला ‘ओसीआर’ म्हणतात. ती रक्कम कुठून आली हेही विचारलं जातं. काही एजंट खोट्या ओसीआरची सोय करून देतो म्हणतात. तो बँकेला खोटा कागद देण्याचा गुन्हा आहे, आणि सही तुमची असते.

त्याऐवजी भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी अंशतः रक्कम काढता येते, आणि ती परत भरायची नसते. यूएएनला (तुमच्या पीएफ क्रमांकाला) आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे आजच तपासा. नावातल्या एका अक्षरावरून दावे परत येतात.

५. मी आजवर कर्जच घेतलं नाही. सिबिलवर ‘एनएच’ दिसतं. अर्ज बाद होईल का?

एनएच म्हणजे वाईट स्कोअर नव्हे, इतिहास नाही एवढाच अर्थ. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं आहे. प्रत्यक्षात अशा अर्जदाराला थोडा जास्त दर किंवा सहअर्जदार मागितला जातो.

वेळ असेल तर १०-१५ हजारांच्या मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा आणि दर महिन्याला *पूर्ण* बिल भरा. साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो.

६. माझा स्कोअर ६४० आहे. सुधारेल का?

आधी अहवाल वाचा, स्कोअर नंतर. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. ‘आता खरेदी, नंतर पैसे’ वाली ॲप, बंद पडलेलं कार्ड आणि मित्रासाठी जामीन राहिलेलं कर्ज हे सगळं त्यात येतं.

चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ‘सेटल्ड’ शेरा असेल, म्हणजे बँकेने काही रक्कम सोडली असेल, तर उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं हाच रस्ता. पैसे घेऊन स्कोअर वाढवून देणाऱ्यांकडे असा कुठलाही अधिकार नसतो.

आणि एकाच आठवड्यात सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी अहवालात नोंदली जाते.

७. पगार रोख मिळतो, किंवा रिक्षा, शिकवणी, शिवणकाम असा धंदा आहे. कर्ज मिळतं का?

मिळतं, पण तयारी लागते. रोज येणारी रक्कम बँकेत भरा, निदान वर्षभर. खात्यात दिसलं नाही ते उत्पन्न नाही, हे कर्ज देणाऱ्यांचं सूत्र लक्षात ठेवा. उत्पन्न करपात्र नसलं तरी आयकर विवरणपत्र भरता येतं. लागोपाठ दोन वर्षांची विवरणपत्रं असली तर मोठ्या बँकेचं दार उघडू शकतं. धंदा असेल तर उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे.

परवडणाऱ्या घरांना कर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपन्या कागद कमी असले तरी घरी-दुकानी येऊन उत्पन्नाचा अंदाज घेतात. त्याची किंमत व्याजदरात द्यावी लागते.

८. बँक लवकर उत्तर देत नाही, हाउसिंग फायनान्सवाला आठ दिवसांत देतो म्हणतो. काय करू?

१५ लाख, २० वर्षं. ८.५ टक्क्यांनी हप्ता १३,०१७ आणि ११ टक्क्यांनी १५,४८३. महिन्याला २,४६६ रुपयांचा फरक, २० वर्षांत जवळजवळ सहा लाख. बँकेची वाट पाहायला हे कारण पुरेसं आहे.

दुसरा फरक कमी लोकांना ठाऊक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराचं नवं गृहकर्ज रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या मानकाला जोडावं लागतं आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्याच मूळ दरावर चालतो. रेपो उतरला तरी तुमचा दर उतरेलच असं नाही.

बँकेने खरोखरच नाकारलं तर हाउसिंग फायनान्स घ्या, वर्ष-दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरा आणि मग कर्ज बँकेत हलवा. कुणाकडूनही घ्या, सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक टक्केवारी दर सगळे खर्च धरून असतो, म्हणून दोन ठिकाणची तुलना त्याच आकड्याने करा.

९. प्रधानमंत्री आवास योजनेचं अनुदान अजून मिळतं का?

जुनी, २ लाख ६७ हजारांपर्यंत अनुदान देणारी योजना ३१ मार्च २०२२ ला संपली. एजंट अजूनही तोच आकडा सांगतात. सध्याची शहरी योजना २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासूनची. व्याज अनुदानाच्या अटी अशा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि गेल्या २० वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीला ४ टक्के असा हिशेब होतो. कमाल १ लाख ८० हजार रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होतात. प्रत्येक वेळी खातं चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. म्हणून पाच वर्षांच्या आत मोठी रक्कम आगाऊ भरण्याआधी हा हिशेब करा. पैसे डाउन पेमेंटच्या वेळी हातात येत नाहीत, त्यामुळे प्रश्न ३ मधली रोख यातून सुटत नाही.

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तुम्ही अविवाहित असाल आणि आईवडिलांचं पक्कं घर असेल, तर पात्रतेचं उत्तर बँकेकडून लेखी घ्या.

१०. म्हाडाचं घर लागलं तर कर्ज वेगळं असतं का?

कर्ज तेच, फक्त कागद स्वच्छ असतात आणि वेळ कमी असतो. पैसे भरायच्या तारखा पत्रात ठरलेल्या असतात, त्या चुकल्या तर घर जाऊ शकतं. म्हणून सोडतीचा अर्ज भरतानाच बँकेकडून किती कर्ज बसतं हे काढून ठेवा. म्हाडाच्या उत्पन्न मर्यादा आणि प्रश्न ९ मधल्या मर्यादा वेगळ्या आहेत.

११. आई किंवा वडिलांना सहअर्जदार घेऊ का?

उत्पन्न जोडलं जातं, पण वयही जोडलं जातं. वडील ५५ वर्षांचे असतील तर काही बँका त्यांचं उत्पन्न निवृत्तीपर्यंतच धरतात किंवा मुदतच कमी करतात, मग हप्ता फुगतो. त्यांचा क्रेडिट अहवालही तपासला जातो. थकलेलं पीककर्ज किंवा कुणासाठी दिलेला जामीन तिथे निघाला तर तुमचा चांगला स्कोअरही वाचवत नाही. अहवाल आधी काढा, नाव नंतर घाला. मित्रमैत्रिणींना सहअर्जदार म्हणून बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

१२. बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं म्हणे?

हो, निवासी घराची खरेदीदार फक्त स्त्री असेल तर १ टक्का सवलत आहे. २० लाखांवर २० हजार रुपये. करारात नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून आलं की सवलत जाते. नवऱ्याचा पगार हवा असेल तर तो मालक न होता फक्त सहकर्जदार राहू शकतो, बऱ्याच बँका हे चालवतात. त्याला आयकराची सूट मिळणार नाही, पण या पगारात ती बहुधा नसतेच (प्रश्न १८).

१३. पगार, स्कोअर सगळं ठीक असूनही कर्ज नाकारलं. कारण?

मग घर नाकारलंय. गुंठेवारीतली (शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले छोटे तुकडे) नियमित न झालेली जागा, बिगरशेती न केलेल्या जमिनीवरची इमारत, नोटरी किंवा बाँडवर विकलेली खोली, मंजूर नकाशाहून चढवलेला जादा मजला, भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत, जुन्या मालकांच्या साखळीतला एखादा गहाळ करार. बाजारभावाहून चार-पाच लाख स्वस्त घर दिसलं की बहुधा यातलंच काहीतरी असतं.

टोकनआधी हे मागा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, आधीचे सगळे करार इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा कराराचा उतारा) सह, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्या एकाच कागदावर घर घेऊ नका.

एखादी बँक देत नाही आणि दुसरी ‘जुळवून’ देते, असं झालं तर आनंद मानू नका. पहिलीच्या वकिलाने काय हरकत काढली ते विचारा. उद्या विकताना तीच हरकत तुमच्यासमोर येईल.

१४. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत हप्ता लगेच सुरू होतो का?

बांधकाम जसं पुढे जातं तसे पैसे सुटतात आणि तेवढ्यावरचं नुसतं व्याज तुम्ही भरता. हा प्री-ईएमआय, यातून मुद्दल कमी होत नाही. १५ लाखांपैकी ९ लाख सुटले असतील तर महिना ६,३७५ रुपये, आणि सोबत घरभाडं. ताबा वर्षभर लांबला तर साडेशहात्तर हजार रुपये नुसत्या व्याजात जातात. हे झेपत नसेल तर तयार घर बघा.

प्रकल्पाचा महारेरा (बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जीएसटी परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. परवडणारं म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं आणि मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर, पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राचं. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

१५. कर्जासोबत विमा घ्यावाच लागेल असं सांगतात. खरंय का?

त्यांच्याकडूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही. बहुतेकदा ४०-५० हजारांचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवतात, म्हणजे त्यावर २० वर्षं व्याज. सहीच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात त्याचा फॉर्म असतो, प्रत्येक पान वाचा. चुकून घेतला गेला असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मात्र विम्याशिवाय राहू नका. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर उभं असेल तर कर्जाएवढा साधा टर्म विमा स्वतंत्र घ्या. विशीत तो स्वस्त पडतो.

१६. सँक्शन लेटर आलं. आता पैसे नक्की ना?

अजून नाही. ते पत्र तुमच्या पगाराला मिळालेली मंजुरी आहे. घराची लीगल आणि टेक्निकल तपासणी बाकी असते, आणि पत्राची मुदत साधारण तीन ते सहा महिने असते. मधल्या काळात नोकरी बदलू नका, नवं कर्ज घेऊ नका. व्याज मात्र पैसे प्रत्यक्ष सुटल्या तारखेपासूनच लागायला हवं. आधीपासून लावलं असेल तर लेखी हरकत घ्या.

१७. मुदत २० वर्षं घेऊ की ३०?

तरुण असण्याचा फायदा इथे आहे, ३० वर्षं सहज बसतात आणि लाखामागे हप्ता ७६९ वर येतो. पगार कमी असताना लांब मुदत घेऊन पुढे जादा भरणं मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण ठरलेला हप्ता वाढवता येतो, कमी करून मागणं अवघड जातं. पण मग जादा भरायलाच हवं. वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जाला आगाऊ फेडीचा दंड नाही. १५ लाखांच्या २० वर्षांच्या कर्जात दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी फिटतं. भरताना ‘मुदत कमी करा, हप्ता कमी नको’ असं लेखी सांगा.

दर वाढला की बँका हप्ता तोच ठेवून गुपचूप मुदत वाढवत असत. ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आगाऊ भरायची, हा पर्याय तुम्हाला द्यावा लागतो. वर्षातून एकदा खात्याचा उतारा काढून उरलेले हप्ते मोजा.

१८. गृहकर्जाने टॅक्स किती वाचेल?

बहुधा शून्य. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागतच नाही, आणि राहत्या घराच्या व्याजाची वजावट त्या प्रणालीत नाही. टॅक्स वाचेल म्हणून घर घ्या, असं कुणी सांगितलं तर तो सल्ला तुमच्यासाठी नाही.

१९. नोकरी गेली तर घर लगेच जप्त होतं का?

लगेच नाही. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक ठरतं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला गहाण घराचा ताबा घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते, पुढे ताबा. पण हे दिवस वाट पाहण्यासाठी नाहीत. हप्ता चुकण्या*आधी* शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची पुनर्रचना मागा आणि पोच घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जा. तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवूनच घराचा करार करा.

२०. कर्ज फिटल्यावर काय काय परत घ्यायचं?

मूळ करार, इंडेक्स-२ आणि दिलेला प्रत्येक कागद. पैसे सुटताना बँकेकडून जमा कागदपत्रांची यादी सही-शिक्क्यासह घेऊन ठेवली असेल तर आता तीच कामाला येते. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सोबत थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, सोसायटीत नोंदलेला बँकेचा बोजा काढून घ्या आणि महिनाभराने क्रेडिट अहवालात खातं ‘क्लोज्ड’ झालंय का ते पाहा.